सासूबाईंसाठी देश बदलला

मी निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसातल्या मुलींनी आणलेल्या केकवर साखरेचा एक बाक होता. सगळ्या हसल्या, मीही हसले. माझं कामाचं आयुष्य खरोखरच बाकावर गेलं. ड्युसेलडॉर्फमध्ये मी जे करत होते त्याला मराठीत धड नाव नाही. कंपन्या परदेशातून माणसं बोलावतात. त्या माणसांना भाड्याचं घर मिळवून द्यायचं, पत्त्याची नोंद करून द्यायची आणि आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी माणसांच्या सरकारी कचेरीत, त्यांच्या शेजारी बसून इकडचं बोलणं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगायचं. जर्मन मी पुण्यात शिकले होते, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले आणि त्या भाषेवर माझं पोट चालू लागलं.

या कामात करमणूक भरपूर. एका तरुण इंजिनियरला मी पहिलंच घर दाखवायला नेलं. स्वयंपाकघराच्या जागी नुसत्या भिंती आणि दोन नळ बघून तो मला हळूच म्हणाला, "काकू, इथे चोरी झालीये. पोलिसांना कळवायचं का?" जर्मनीत भाडेकरू जाताना ओटा, कपाटं, सिंक सगळं उचलून नेतात, हे त्याला पटायला संध्याकाळ झाली. दुसऱ्या एकाने कचेरीत जाताना साहेबांसाठी बाकरवडीचा पुडा नेला होता. तो मी जिन्यातच काढून घेतला आणि घरी येऊन खाल्ला.

पण एक प्रश्न असा होता की तो आला की माझी गंमत संपायची. माणूस स्थिरावला, बायकोमुलं आली, मूल बालवाडीत जर्मन बोलायला लागलं, की एक दिवस फोन यायचा. सुरुवातीला हवापाण्याचं बोलणं, मग जरा थांबून, "ताई, आईबाबांना इथे कायमचं आणता येईल का?"

मी सांगायचे, नाही. नवराबायकोला आणता येतं, लहान मुलांना आणता येतं. म्हाताऱ्या आईवडिलांना तीन महिने फिरायला आणता येतं. कायमचं आणायचं तर असामान्य हलाखी सिद्ध करावी लागते, आणि ती सिद्ध झालेली मी जवळजवळ पाहिलीच नव्हती. झिंडेलफिंगेनच्या मोटारकारखान्यातल्या एका नाशिकच्या माणसाने तर त्यासाठी जर्मन नागरिकत्व घेतलं. त्याला वाटलं, आता आपण इथलेच झालो, आता कोण अडवणार. मी त्यालाही नाहीच सांगितलं. पुढे त्याचे वडील गेले. त्याने मला फोन करून एवढंच म्हटलं, "ताई, आता विचारायचं काही राहिलं नाही." तो फोन मला अजून आठवतो.

दोन हजार चौदाच्या शरद ऋतूत मुग्धा आली. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहणारी, चाळिशी नुकतीच ओलांडलेली, मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीतली. कंपनीची एक शाखा ड्युसेलडॉर्फला होती आणि तिने स्वतः मागून बदली घेतली होती. मला आश्चर्य वाटलं. इंग्लंड सोडून जर्मनीला स्वखुशीने येणारं मराठी माणूस विरळा. भाषा नाही, ओळख नाही आणि पगारही काही मोठा वाढलेला नाही.

मी तिला घरं दाखवू लागले. लोक घर बघताना स्वयंपाकघर बघतात, गॅलरी बघतात, ट्राम किती लांब आहे ते विचारतात. ही बाई थेट न्हाणीघरात जायची. तिसऱ्या घरात तर तिने बूट काढले, टबच्या काठावर हात ठेवला, एक गुडघा न वाकवता पाय उचलून टबात उतरायचा प्रयत्न केला आणि मान हलवली.

"आईंना नाही जमणार," ती म्हणाली.

"आई येणारेत का तुझ्या? किती दिवस?"

"कायमच्या."

मी माझं नेहमीचं बोलणं सुरू केलं. "मुग्धा, आधीच सांगते, म्हणजे उगाच आशा नको. इथे आईवडिलांना..."

"माझा पासपोर्ट ब्रिटिश आहे, ताई."

 त्या काळी ब्रिटन युरोपीय संघात होतं. आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट होती, जी मला माहीत होती पण कुणासाठी कधी वापरावी लागली नव्हती. जर्मनीत राहणाऱ्या जर्मन माणसाला जर्मनीचा कायदा लागू होतो आणि तो आईवडिलांच्या बाबतीत कडक आहे. पण युरोपातल्या दुसऱ्या देशाचा नागरिक जर्मनीत येऊन नोकरी करू लागला तर त्याच्या कुटुंबाला युरोपचा कायदा लागू होतो आणि तो मोकळा आहे. त्यात स्वतःवर अवलंबून असलेल्या आईवडिलांना आणता येतं. जोडीदाराच्या आईवडिलांनाही येतं. म्हणजे जर्मन झालेल्या नाशिककराला जे मिळालं नाही ते ब्रिटिश झालेल्या मुग्धाला मिळू शकत होतं. मी तिच्याकडे जरा हेव्यानेच बघितलं.

"मग गोष्ट वेगळी. आई कुठे असतात तुझ्या?"

"इस्लामपूरला. पण माझी आई नाही, सासूबाई."

"चालेल की. जोडीदाराची आई चालते. मिस्टर कधी येणारेत?"

ती टबातून बाहेर आली, बूट घालायला वाकली आणि वाकलेलीच असताना म्हणाली, "अभिजित नाहीये, ताई. दोन वर्षांपूर्वी गेला. हार्ट अटॅक."

घरमालकाचा एजंट दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मी त्याला सांगितलं की आम्ही विचार करून कळवतो.

ट्रामच्या थांब्यावर तिने मला सगळं सांगितलं. अभिजित हा तिच्या सासूबाईंचा, इंदुताईंचा, एकुलता एक मुलगा. वडील लवकर गेले. इंदुताईंनी पिठाची गिरणी चालवून त्याला इंजिनियर केलं. तो आणि मुग्धा इंग्लंडला गेले, तिकडचे नागरिक झाले. मूल झालं नाही. अभिजित ऑफिसात खुर्चीतच गेला. इंदुताईंचे गुडघे गेले, गिरणी बंद झाली, आणि एकदा त्या न्हाणीघरात पडल्या त्या शेजारीण येईपर्यंत तशाच पडून होत्या. मुग्धाने इंग्लंडातल्या वकिलाला विचारलं. तिथे कायमच्या राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या आईसाठी अर्ज करता येतो, आणि नियम कडक झाल्यापासून तोही बहुतेक नाकारला जातो. सासूसाठी तर अर्जच करता येत नाही. वकील तिला म्हणाला होता, त्या आता कायद्याने तुमच्या कुणी नाहीत.

"मग तूच का नाही परत गेलीस?" मी विचारलं.

"गेले होते. राजीनामा लिहून गेले होते. आईंनी मला उंबऱ्यातच विचारलं, किती दिवसांची रजा आहे. मी खरं सांगितलं तर त्या म्हणाल्या, माझ्यासाठी नोकरी सोडलीस तर मी तुझ्या हातचं पाणी पिणार नाही. आणि खरंच प्यायल्या नाहीत. दोन दिवस शेजारणीकडून तांब्या मागवत होत्या. मग मी राजीनामा फाडला."

तिच्या माहेरच्यांचं मत वेगळं होतं. तिच्या भावाने सांगितलं होतं, दर महिन्याला पाठवतेस तेवढं पुष्कळ झालं, चांगला वृद्धाश्रम बघू, तू आता स्वतःचं बघ. त्यात वाईट काहीच नव्हतं. मी तिची बहीण असते तर मीही तेच सांगितलं असतं.

मी एका ओळखीच्या वकिलाला गाठलं. तो बराच वेळ "आल्झो... आल्झो...", म्हणजे "तर... तर..." करत राहिला. शेवटी म्हणाला, कायद्यात जोडीदाराची आई असं लिहिलंय. जोडीदारच हयात नसेल तर ती अजून जोडीदाराची आई राहते की नाही, हे त्याला सांगता येत नाही. होकार येईल, नकारही येईल.

मी मुग्धाला हे जसंच्या तसं सांगितलं. नकार आला तर काय, ते विचारलं. तिने कॉव्हेंट्रीचं घर विकायला काढलं होतं. कंपनीतली जुनी जागा दुसऱ्या कुणाला गेली होती. परतीची वाट तिने स्वतःच बंद करून घेतली होती आणि माझ्यासमोर बसून ती विचारत होती की इथे ज्वारीचं पीठ कुठे मिळतं.

इंदुताई पुढच्या वसंतात आल्या, पाहुण्यांच्या व्हिसावर. आता आल्या आहेत तोवर इथे कायमचं राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी अर्ज करायचा असं आमचं ठरलं होतं. विमानतळावर मी मुग्धाबरोबर गेले होते. सत्तरीची, उंच, हाडापेराने दणकट बाई, नऊवारीवर मुलाचा जुना जाड कोट घातलेला, व्हीलचेअरमध्ये पाय जमिनीला टेकत होते. मुग्धाने वाकून नमस्कार केला. इंदुताईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि म्हणाल्या, "वाळलीस." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सुलभाताई ना? हिने फोनवर सांगितलंय. अहो, हिला नीट जेवायला सांगणारं इथं कुणी नाही का?"

कचेरीत आमचं काम फ्राऊ लिंडनर नावाच्या बाईंकडे गेलं. मी त्यांना अनेक वर्षं ओळखत होते. आवाज कधी चढत नसे आणि कधी उतरतही नसे. कागद तपासून झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाल्या की त्यांना वयस्कर बाईंशी थेट बोलायचंय, सुनेने मध्ये बोलू नये.

"तुम्हाला दुसरी मुलं आहेत का?"

मी मराठीत विचारलं. इंदुताई म्हणाल्या, "नाहीत."

"भारतात तुमचा खर्च कोण चालवत होतं?"

"आधी मी स्वतः, पिठाची गिरणी चालवून. मग मुलगा. मुलगा गेल्यावर ही."

"तुमचा मुलगा गेला. हिला स्वतःचं मूल नाही. तुमचं आणि हिचं रक्ताचं नातं नाही. मग ही अजूनही तुमचा खर्च का करते?"

प्रश्न कामाचा होता. खोटी नाती जोडून आणणारी माणसं त्या टेबलासमोर रोज बसतात. तरी तो मराठीत सांगताना मला जड गेलं. मी शब्द जरा मऊ करायला बघितले, पण माझ्या धंद्यात तसं करायचं नसतं. सांगितलं तसंच सांगितलं.

इंदुताईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "ते मलाही कळलेलं नाही. मी हिला पुष्कळदा विचारलं. तुम्ही विचारून बघा, तुम्हाला सांगितलं तर मलाही सांगा."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. फ्राऊ लिंडनरनी ते टिपून घेतलं. त्या मुग्धाकडे वळल्या. मुग्धाला अजून जर्मन येत नव्हतं, ती इंग्रजीत बोलली आणि अडखळत बोलली. म्हणाली, अभिजित गेल्यापासून त्या दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात. सगळ्यांनी हळूहळू त्याचं नाव घेणं बंद केलं, तिला वाईट वाटू नये म्हणून. फक्त आईच त्याच्याबद्दल बोलतात, त्याच्यावर चिडतातसुद्धा, की शर्ट कुठेही टाकायचा, की फोन करायचा नाही. "मला त्यांना सांभाळायचंय असं सगळे म्हणतात," ती म्हणाली. "मला त्यांच्याजवळ राहायचंय. एवढंच आहे."

फ्राऊ लिंडनर उठल्या आणि मागच्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. जर्मनीचा दिवाणी कायदा. बराच वेळ पानं उलटत होत्या. मग एका जागी बोट ठेवलं आणि पुस्तक माझ्याकडे फिरवलं. "हे त्यांना सांगा. दोघींना."

एकच वाक्य होतं. लग्नामुळे सासरच्या माणसांशी जे नातं जुळतं ते, ज्या लग्नामुळे जुळलं ते लग्न संपलं तरी, पुढे चालू राहतं.

मी किती वर्षं त्या कायद्यांच्या अवतीभवती वावरत होते. कलमं, पोटकलमं, मुदती, शुल्क. त्या रुक्ष पुस्तकात असं काही लिहिलेलं असेल हे मला ठाऊकच नव्हतं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी टेबलाशी बसून हे वाक्य लिहिलं असेल, बहुधा एखाद्या दाढीवाल्या पंडिताने, वारसाहक्काच्या भांडणांचा विचार करत. त्याच्या डोक्यात इस्लामपूर नव्हतं, गिरणी नव्हती.  मी वाक्य मराठीत सांगितलं. इंदुताईंनी मला ते पुन्हा सांगायला लावलं.

"असं सरकारने लिहून ठेवलंय?" त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं केलंय."

फ्राऊ लिंडनरनी लगेच सांगितलं की या वाक्याने सगळं सुटत नाही. हा एक कायदा, कुटुंबाच्या कार्डाचा कायदा दुसरा. त्यांना वर विचारावं लागेल, वेळ लागेल. तोवर राहता येईल असा एक कागद त्यांनी दिला. "गेनाऊ," म्हणजे बरोबर, असं म्हणून त्यांनी फाईल बंद केली आणि पुढच्या माणसाचा नंबर पुकारला.

उत्तर यायला जवळजवळ सगळा उन्हाळा गेला. त्या दिवसांत मुग्धा कामावरून येताना टपालपेटी उघडायच्या आधी जिन्यात थांबायची, असं इंदुताईंनी मला सांगितलं. होकार आला तेव्हा मी सुट्टीवर होते. मुग्धाने फोन केला, पण बोलता येईना म्हणून तो इंदुताईंच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "झालं हो सुलभाताई. आता हिला सांगा, रडायचं कारण संपलं."

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. माझ्या कामात गोष्टी इथेच संपतात. कार्ड मिळालं की माणसं तुम्हाला विसरतात आणि विसरलेलीच बरी. पण या दोघींनी मला सोडलं नाही. दसऱ्याला, संक्रांतीला बोलावणं ठरलेलं. त्यामुळे पुढचं मला बघायला मिळालं.

त्यांच्या इमारतीत तळघरात वॉशक्यूशे होती, म्हणजे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून कपडे धुण्याची खोली. कुणी कुठल्या दिवशी धुवायचं याचे नियम भिंतीवर. इंदुताईंनी ते नियम पहिल्याच आठवड्यात मोडले आणि त्यामुळे त्यांची योखेनशी गाठ पडली. योखेन हा तळमजल्यावर राहणारा शाळामास्तर, भूगोल शिकवायचा, पन्नाशीचा, बायको आजारपणात गेलेली. त्याने त्यांना जर्मनमध्ये, सावकाश, नियम समजावले. इंदुताईंनी त्याला मराठीत, सावकाश, सांगितलं की मशिनचा पट्टा सैल झालाय आणि ते लवकरच बंद पडणार. दोघांनाही काही कळलं नाही. मशिन बंद पडल्यावर मात्र तो वर येऊन दार वाजवून म्हणाला, "तुम्ही हेच सांगत होतात ना?"

त्यानंतर तो त्यांच्याकडे येऊ लागला. इंदुताई त्याच्याकडून जर्मन शिकू लागल्या. दुकानातल्या वस्तूंची नावं, बसचे आकडे, मग हळूहळू वाक्यं. मुग्धा घरी यायची तेव्हा हे दोघं टेबलाशी नकाशा पसरून बसलेले असत आणि इंदुताई कृष्णा नदी कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवत असत. "या, या," म्हणजे हो, हो, म्हणत तो वहीत टिपून घेई.

तो मुग्धासाठी येतो हे इंदुताईंना मुग्धाच्या आधी कळलं होतं. त्यांनी मला एका संक्रांतीला स्वयंपाकघरात विचारलं, "माणूस बरा आहे ना हो? तुम्हाला इथली माणसं कळतात म्हणून विचारते." मी म्हटलं, चांगला दिसतो. त्या म्हणाल्या, "मी इतके महिने बघतेय. दाराशी आला की बूट काढून नीट जोडून ठेवतो. अभिजितचा फोटो आहे तिथे खुर्ची वळवून बसत नाही कधी. त्याच्याकडे बघून बसतो."

मग ब्रिटनने युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं आणि माझा फोन पुन्हा वाजायला लागला. ब्रिटिश पासपोर्टवर इथे राहणाऱ्यांचं पुढे काय, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याच दिवसांत योखेनने मुग्धाला लग्नाचं विचारलं आणि तिने नाही म्हटलं. मला हे कळलं ते इंदुताईंकडून.

त्या एकट्या माझ्या घरी आल्या, ट्राम बदलून. दारात त्यांना बघून मी घाबरलेच. त्यांना खुर्चीत बसवलं. त्या म्हणाल्या, "मला एक खरं सांगा. हिने लग्न केलं तर माझं इथलं राहणं जातं का?"

"मुग्धा म्हणाली का तसं?"

"ती काय म्हणणार. ती म्हणते, मला लग्न करायचंच नाही. पण काल तो खाली गेल्यावर ती तासभर नळ चालू ठेवून न्हाणीघरात बसली होती. मी म्हातारी झाले, बहिरी नाही झाले."

मी त्यांना खरं ते सांगितलं. तुमचं कार्ड तुम्ही तिच्या नवऱ्याची आई आहात म्हणून मिळालंय. उद्या तिचा नवरा दुसरा झाला तर कुणीतरी शंका काढू शकेल. त्यात हे ब्रिटनचं. मला खात्री देता येत नाही.

त्या जराही डगमगल्या नाहीत. "मग मी जाते," त्या म्हणाल्या. "आधी जाते, मग ती लग्न करेल. शेजारणीच्या मुलीला विचारलंय मी फोनवर, ती रात्रीची झोपायला येईल माझ्याकडे. तुम्ही फक्त तिकिटाचं बघा. आणि हिला सांगू नका. सांगायचं की मला इथली थंडी सोसत नाही."

 जिने सुनेने नोकरी सोडू नये म्हणून तिच्या हातचं पाणी सोडलं होतं ती ही बाई, आणि आता घर, सोबत, रोज समोर बसून मुलाचं नाव घेणारं एकुलतं एक माणूस, सगळं सोडून निघाली होती आणि वर थंडीचं कारण तयार ठेवलं होतं. आणि तिकडे ती सून, तोंडातून एक शब्द न काढता, हिच्यासाठी एका चांगल्या माणसाला नाही म्हणून बसली होती. दोघी एकाच घरात राहून एकमेकींपासून हे लपवत होत्या. मी नातीगोती खूप बघितली, पोटच्या पोरांची आणि आईबापांची बघितली. असं मी बघितलं नव्हतं.

"मला आठवडाभर द्या," मी म्हटलं. "मग तिकीट काढते."

मी फ्राऊ लिंडनरची टेरमीन, म्हणजे भेटीची वेळ घेतली. नेहमी मी कुणाच्या तरी शेजारी बसत असे, त्या दिवशी एकटी बसले. नाव न घेता प्रश्न मांडायला लागले तर त्या म्हणाल्या, "पीठ दळणाऱ्या बाई ना?"

मी म्हटलं, हो.

त्यांनी ऐकून घेतलं. लगेच उत्तर दिलं नाही, चार दिवसांनी बोलावलं. तोवर त्यांनी वर विचारलं होतं. "ज्या नात्यावर हे कार्ड दिलं," त्या म्हणाल्या, "ते नातं विधवेने पुन्हा लग्न केल्यावर संपतं असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधलं. माझ्या साहेबांनीही शोधलं. सून अजून त्यांचा सांभाळ करते आहे ना? मग कार्ड काढून घ्यायला मला कारण नाही. ब्रिटनचं काय होईल ते मला माहीत नाही, पण जे आधीपासून इथे राहतात त्यांना हाकलायचा विचार इथे कुणी करत नाहीये."

मी आभार मानले. त्या कधी नव्हे त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "मी माझ्या सासूला वर्षातून एकदा भेटते, नाताळात. तेव्हाही लवकर निघते." आणि दार लावून घेतलं.

मी थेट इंदुताईंकडे गेले. मुग्धा कामावरून यायची होती. मी सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग उठून जिन्यापर्यंत गेल्या आणि कठड्यावरून खाली, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "योखेन! कॉम!" ये, म्हणून.

लग्न पुढच्या मे महिन्यात झालं, श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे लग्नं नोंदवतात त्या सरकारी कचेरीत. मुग्धाला आता माझी गरज नव्हती, तिचं जर्मन चांगलं झालं होतं. मला बोलावलं होतं ते इंदुताईंसाठी. त्यांना एकूण एक शब्द कळायला हवा होता. पहिल्या रांगेत वधूच्या आईसाठी ठेवलेल्या खुर्चीवर त्या बसल्या होत्या. मुग्धाची स्वतःची आई कधीच गेली होती, आणि भाऊ आला होता तो मागे उभा राहून डोळे पुसत होता. मी इंदुताईंच्या कानाशी बोलत होते. अधिकाऱ्याने दोघांना विचारलं, दोघांनी हो म्हटलं, सह्या झाल्या.

मग तिथल्या रीतीप्रमाणे अधिकारी म्हणाला, घरच्या कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर बोलावं. इंदुताई काठीवर भार देऊन उठल्या. योखेनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना जर्मन येत होतं तेवढं त्या दिवशी पुरेना, म्हणून मला जवळ बोलावलं.

"सांगा त्याला," त्या म्हणाल्या. "ही सकाळी उठल्यावर पहिला चहा होईपर्यंत कुणाशी बोलत नाही. आमच्या घरात आली तेव्हापासून अशीच आहे. अभिजितला वाटायचं, रागावली. रागावलेली नसते. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

मी जर्मनमध्ये सांगायला तोंड उघडलं. इतकी वर्षं न्यायालयात, दवाखान्यात, कचेऱ्यांत मी एकदाही अडले नव्हते. त्या दिवशी "अभिजितला" या शब्दापाशी आवाज फुटेना. योखेन माझ्याकडे बघत थांबला होता. शेवटी मुग्धाच पुढे झाली आणि सासूबाईंचं वाक्य तिने स्वतःच्या नव्या नवऱ्याला स्वतः सांगितलं, पहिल्या नवऱ्याच्या नावासकट.